विठ्ठल न मानता चाललेली वारी

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचताना गैरसमज नको. नवसाला पावणारा, आपलं ऐकणारा, माझ्यावर लक्ष ठेवून असलेला असा कुणी देव आहे असं मला वाटत नाही, अगदी शाळेत होते तेव्हापासून वाटत नाही. पण हे जे सगळं आहे, माती पाणी झाडं माणसं मुंग्या, ते एकच आहे आणि पूजण्यासारखं आहे, त्याच्या बाहेर वेगळं कुणी बसलेलं नाही, हे मात्र मनापासून वाटतं. आणि हे वाटणं एकटीने सांभाळणं फार जड जातं. नास्तिक मित्रमंडळींत हात जोडायची सोय नाही, आणि घरच्या सत्यनारायणाला बसलं की ती कथा ऐकवत नाही. पुस्तकं वाचली. देव म्हणजेच निसर्ग म्हणणारा स्पिनोझा वाचला, त्याला 1656 साली ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केलं तेव्हा तो 23 वर्षांचा होता आणि नंतर तो कुठल्याच पंथात रीतसर गेला नाही. वाचून धीर यायचा, पण पुस्तक मिटलं की परत एकटीच. मला माणसं हवी होती.

म्हणून ओळखीतून ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या रथामागच्या एका दिंडीत नाव घातलं, भिशी म्हणजे दिंडीच्या खर्चातला आपला वाटा भरला. दिंडीप्रमुखांनी काय विचारलं, तर रोजचं चालणं झेपेल ना, औषधं कुठली चालू आहेत, तंबूत कुणाशेजारी झोपणार. माळ घातलीय का तेही विचारलं, नाही म्हटलं, तर बरं म्हणाले आणि पुढच्या माणसाचं नाव लिहायला लागले. मी मनात एवढी उत्तरं तयार करून गेले होते, एकही लागलं नाही.

पुणं, दिवे घाट, सासवड, जेजुरीचा भंडारा, नीरेचं स्नान, हे सगळं आता एकमेकांत मिसळून गेलंय, काय वाल्ह्याला झालं आणि काय लोणंदला ते सांगता येणार नाही. पहाटे तीनला उठायचं, टँकरच्या रांगेत बादली घेऊन उभं राहायचं, पुढे दोन बायका हमखास भांडत असायच्या आणि मागून कुणीतरी बादली मध्ये घुसवायचं. चिडचिड व्हायची माझी, खूप व्हायची. ओले कपडे, रात्रभर कुणाचा तरी खोकला, रस्त्याकडेच्या स्पीकरवर कर्कश गाणी लागलेली आणि त्याच आवाजात आमचा विणेकरी शांतपणे पुढचा अभंग धरतोय. मग पखवाज लागला, टाळ पडायला लागले की पाय आपोआप उचलायचे आणि मघाशी आपण कशावरून चिडलो होतो ते आठवायचंही नाही.

मुक्कामाला पोचल्यावर पालखीपुढे होते त्या समाजआरतीचं मात्र वेगळं सांगायला हवं. सगळ्या दिंड्या गोलात उभ्या, टाळांचा कल्लोळ चाललेला, आणि चोपदारांनी हातातला दंड वर केला की एवढा अफाट समाज एका क्षणात गप्प. मग हरवल्या-सापडल्याचं पुकारतात, कुणाची पिशवी सापडलीय, कुणाचं काय राहिलंय. मला ते फार आवडायचं. आरतीच्या ऐन वेळी माणसाच्या हरवलेल्या पिशवीला जागा आहे, ती काही देवापेक्षा हलकी बाब नाही, असंच मला त्यातून कळायचं आणि अंगावर काटा यायचा.

बरडहून नातेपुत्याला निघालो तो दिवस. पावसाचा पत्ता नव्हता. पालखी मार्ग आता रुंद झालाय, चालायला मोकळा झालाय, पण रस्त्याकडेची जुनी मोठी झाडं त्यात गेली, आणि दुपारी सावली म्हणून शोधायला गेलं तर दुभाजकातली हातभर रोपं. ज्याला मी देव मानते तोच तोडून रस्ता केलाय असं वाटत राहिलं आणि वाईट वाटत होतं, कुणाशी बोलावंसंही वाटेना. त्यात डाव्या टाचेला मोठा फोड आला होता, सकाळपासून मी पाय तिरका टाकत होते, मग तिरका टाकून टाकून गुडघा धरला, धर्मपुरीच्या अलीकडे फोड फुटला आणि मोजा आत चिकटला. दिंडी पुढे गेली. मी रस्त्याच्या कडेला एका घरासमोर दगडावर बसले.

घरातून एक बाई आल्या, माझ्या आईपेक्षा मोठ्या असतील, कासोटा घातलेला, हातात तांब्या. "बसा की माउली वाईच," म्हणाल्या आणि समोर खालीच बसल्या. "पाय द्या हिकडं." मी पाय मागे घेतला. मला खरंच सहन होत नाही कुणी मोठ्या माणसाने पायाला हात लावलेला. त्यांनी ऐकलंच नाही, पाय ओढून मांडीवर घेतला, मोज्यावर पाणी सोडत सोडत तो भिजवून सोडवला, घाई अजिबात केली नाही. जखम धुतली, धुतलेल्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. मग दुसरा पाय घेतला, त्याला खोबरेल लावून काशाच्या वाटीने घासत बसल्या. आत एक म्हैस सारखी ओरडत होती. मी म्हटलं, मावशी, पुरे झालं, तुमची कामं खोळंबतील. तर म्हणाल्या, "मला कुठं यायला जमतंय, गुरं हायेत, मालकास्नी दिसत न्हाई. तुमी चालताय न्हवं, मग ह्या पायानं मीबी गेलेच की."

आणि पट्टी बांधलेल्या त्या पायावर त्यांनी डोकं ठेवलं.

मी रडले. थकवा होता, दुखत होतं, तेही असेल. पण सगळं एकच आहे, तुझं माझं शरीर वेगळं नाही, हे मी वर्षानुवर्षं वाचत आले होते, घासाघीस करून लोकांना पटवत आले होते, आणि या बाईंना ते पटवायचं नव्हतंच, त्या माझ्या पायाने पंढरपूरला चालल्या होत्या, त्यात त्यांना काही विशेषही वाटत नव्हतं. ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायात आहे, जे जे भेटे भूत, तें तें मानिजे भगवंत. वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात ते यासाठीच, आणि मला अख्ख्या आयुष्यात माझ्या श्रद्धेचा म्हणावा असा हा एकच विधी सापडलाय. मीही त्यांच्या पाया पडले. त्यांनी चहा दिला, कप काढून घेतला आणि म्हणाल्या, उठा आता, मागं पडाल.

त्या रात्री तंबूत शेजारच्या आजींना सगळं सांगितलं. त्या परभणीकडच्या, खूप वर्षांच्या वारकरी. मी देव मानत नाही हे त्यांना कुठून तरी कळलेलं होतं. पाय चेपत म्हणाल्या, "बाई, मंग काकड्याला हात कुणाला जोडतीस?"

म्हटलं, आजी, सगळ्यालाच. पावसाला, रस्त्याला, तुम्हाला.

"सगळ्याला?"

हो.

"मंग त्या एकट्यालाच कामून वगळतीस?"

आणि कूस बदलून झोपल्या. मी जागीच.

रिंगण झालं, घोडा धावला, धूळ कपाळाला लावली, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, सगळीकडे हा प्रश्न बरोबर होता. मधे एका मुक्कामाहून निघताना मागे वळून पाहिलं तर शेतभर पत्रावळ्या, प्लास्टिकचे ग्लास, पाण्याच्या बाटल्या, बांधावरच्या बाभळीला पिशव्या अडकलेल्या. त्या दिवशी मी अभंग म्हटलेच नाहीत. विष्णुमय जग म्हणायचं आणि त्याच जगाच्या अंगावर हे टाकून जायचं, मला जमेना. दिंडीप्रमुखांना तसं स्पष्ट सांगितलं, आवाजही चढला होता माझा. ते म्हणाले, बरोबर आहे, घरी गेल्यावर बसून बोलू.

पंढरपुरात द्वादशीला आजींबरोबर मुखदर्शनाच्या रांगेत उभी राहिले, त्यांच्या प्रश्नासाठीच. आजींना जे दिसलं ते मला दिसलं नाही, खोटं कशाला सांगू. मला घडवलेला काळा दगड दिसला, आणि बाजूला आजींचा चेहरा दिसला, आणि दोघांना एकदमच हात जोडले. आजींनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता दिंडीतली इथली मंडळी दर एकादशीला कुणा एकाच्या घरी भजनाला जमतात, मी जाते. विठ्ठलाच्या रूपाच्या अभंगाला मी नुसता टाळ धरते, पसायदानाला मोकळा आवाज लावते, शेजारच्या काकूंना ते कळतं आणि त्यांना चालतं. मागच्या एकादशीला भजन झाल्यावर पत्रावळ्यांचं बोलणं निघालं, बराच वाद झाला, ताट वाहून कोण नेणार, घासायला पाणी कुठलं, टँकरचं आधीच पुरत नाही. शेवटी ठरलं की पुढच्या वारीला प्रत्येकाने आपलं ताट, वाटी आणि तांब्या आणायचा, धुवायच्या पाण्यासाठी दिंडीच्या ट्रकवर एक टाकी वाढवायची. यादी करायचं काम माझ्याकडे आलंय, निम्म्या लोकांना फोन करून झालेत, परभणीच्या आजींना उद्या लावायचाय.