सीडब्ल्यू डायरी: पेपरवाल्याबरोबर जिना उतरणारा नॉइज

आधी मागच्या अपडेटमधली चूक दुरुस्त करते. माझ्या हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवरच्या (७ मेगाहर्ट्झ) नॉइजचं, म्हणजे खरखरीचं, खापर मी लिफ्टच्या ड्राइव्हवर (मोटर चालवणाऱ्या सर्किटवर) फोडलं होतं. लिफ्ट निर्दोष आहे. खरं कारण कळलं ते सीक्यू वर्ल्डवाइड सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सवर (सीडब्ल्यू) जगभरच्या हॅमना गाठायची स्पर्धा, सुरू झाल्यावर, पहिल्याच पहाटे, आणि तेव्हा हेडफोन लावून बसण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं.

शनिवारी पहाटे ५:३०, म्हणजे ०००० यूटीसी (जागतिक वेळ). आपल्याला ४० मीटरसाठी याहून गोड वेळ नाही. सूर्योदयाला सव्वा तास बाकी, युरोपात मध्यरात्र, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे ७, सगळा मार्ग अंधारात. गच्चीवरची इन्व्हर्टेड व्ही अँटेना (उलट्या व्ही आकाराची तार) नव्या वायरने बांधलेली (जुनी येऊरच्या माकडांनी तोडली होती, ते लिहिलंच आहे), ७.०२० मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर १.२, म्हणजे अँटेना रेडिओशी छान जुळलेली. थर्मासात चहा. पहिल्या सात मिनिटांत आठ क्यूएसओ (संपर्क) झाले. ५:३८ ला एस-मीटर (सिग्नल किंवा नॉइजचा जोर दाखवणारा) एस ३ वरून एस ८ वर गेला.

पाच एस-युनिट म्हणजे ३० डीबी, म्हणजे हजार पट. समोरचा १०० वॉट लावून बोलावतोय आणि माझ्या कानापर्यंत तो ०.१ वॉटचा होऊन पोचतोय. याच वेळी कॉलसाइन ईए८ ने सुरू होणाऱ्या एका स्टेशनने मला बोलावलं. कॅनरी बेटं, स्पर्धेने जगाचे जे झोन पाडलेत त्यांतला झोन ३३, ४० वर मला आजवर न मिळालेला. 'ईए८' एवढं स्वच्छ ऐकलं, पुढची अक्षरं खरखरीत बुडाली. 'एजीएन' (पुन्हा द्या) पाठवलं. पुन्हा पाठवलं. चार वेळा त्याने धीराने कॉल दिला, चार वेळा मला तेवढंच ऐकू आलं, मग तो निघून गेला. तो आवाज अजून डोक्यातून जात नाही.

त्या हताशेतच मी वॉटरफॉलकडे (बँडवरचे सिग्नल रेघांसारखे दाखवणाऱ्या स्क्रीनकडे) पाहत बसले, आणि गंमत अशी की तीन आठवडे मी तो बघतच होते, पण बघितला पहिल्यांदा तेव्हा. नॉइज एकदम येत नव्हता. आधी एक जाड रेघ उमटली. वीस-पंचवीस सेकंदांनी तिच्या शेजारी दुसरी, जराशी सरकलेली. मग तिसरी. प्रत्येक नवी रेघ आधीच्यापेक्षा थोडी फिकी. पहिली साधारण ४० सेकंदांनी विझली, मग त्याच क्रमाने दुसरी, तिसरी. पाच-सहा मिनिटांत सगळं शांत. दहा मिनिटांनी तोच खेळ पुन्हा, वरून खाली.

वरून खाली! दाराबाहेर 'थप्' असा पेपर पडला आणि मला लख्ख कळलं. पेपरवाला लिफ्टने चौदाव्यावर जातो आणि पेपर टाकत जिन्याने खाली उतरतो. त्याच्या मागून दूधवाला, तोही तसाच. दिवाळीच्या आधी सोसायटीने जिन्यात सेन्सरवाल्या एलईडी ट्यूब बसवल्या. माणूस आला की लागतात, गेला की ४० सेकंदांनी बंद. प्रत्येक मजल्यावर एक, आणि प्रत्येकीच्या ड्रायव्हरची (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटची) स्विचिंग फ्रिक्वेन्सी थोडी वेगळी, म्हणून प्रत्येक मजल्याची स्वतःची रेघ. अँटेना गच्चीवर, त्यामुळे चौदाव्याची रेघ सगळ्यात जाड आणि पहिल्याची सगळ्यात फिकी.

हे आधी का कळलं नाही, ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी याच वाटेने जात असेल. मी घरचा मेन बंद करून रेडिओ बॅटरीवर चालवला होता. नॉइज तसाच राहिला, म्हणजे तो घरातला नाही, एवढं बरोबर निघालं. मग छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ घेऊन इमारतभर फिरले. तिथेच फसले, कारण मी जिथे जाईन तिथे ट्यूब लागायची आणि रेडिओ खरखरायचा. प्रत्येक मजल्यावर नॉइज सारखाच मिळाला, म्हणून सगळ्या मजल्यांतून जाणारी एकच वस्तू शोधली: लिफ्ट. माझ्याच पावलांनी मी नॉइज पेटवत फिरत होते. लिफ्ट हलताना वॉटरफॉलवर काहीच फरक पडत नव्हता, हे दिसत असूनही मी त्याकडे दुर्लक्ष केलं.

सेन्सरला दोष देऊ नका. असल्या ट्यूबमधला मायक्रोवेव्ह सेन्सर बहुधा ५.८ गिगाहर्ट्झवर चालतो, त्याचा एचएफला (शॉर्टवेव्ह बँडना) त्रास नाही. त्रास ड्रायव्हरचा. पैसे वाचवायला त्यातला ईएमआय फिल्टर (अशी खरखर बाहेर पडू न देणारा) गाळलेला असतो, आणि स्विचिंगची घाण कॉमन मोडने (सगळ्या तारांवर एकाच दिशेने) जिन्याच्या वायरिंगवर चढते. चौदा मजली उभी वायर, माझ्या अँटेनाच्या बरोबर खाली. अशी उभी अँटेना मला कुणी बांधून दिली असती तर मी आनंदाने नाचले असते.

दुपारी खात्री करायची होती. १० मीटरचा बँड युरोपला सताड उघडा होता. सूर्यडागांच्या सायकल २५ ने २०२४ मध्ये माथा गाठला, पण उतरतानाही हा बँड असा वागतोय याचं मला फार सुख आहे. तासाला ७२ क्यूएसओंच्या वेगाने रन (एका जागी बसून हाक देत एकामागून एक संपर्क घेणं) चालला होता, आयुष्यातला सगळ्यात चांगला. तो सोडून उठताना जिवावर आलं. ४० मीटर लावला आणि मुलाला फोन देऊन चौदाव्यावर पाठवलं, सावकाश उतरत ये म्हटलं. तो म्हणाला, "आई, मी आता..." आणि तो बोलायच्या आत मीच म्हणाले, "अकराव्यावर." रेघा मोजत होते ना! मग वॉचमनकाकांनी जिन्याचा एमसीबी दोन मिनिटांसाठी पाडला. एस ८ वरून एस ३. इतकी शांतता मी दिवाळीनंतर ऐकलीच नव्हती. २५ मिनिटं गेली, पाइल-अप (मला बोलावणाऱ्यांची गर्दी) दुसऱ्याने नेला, पण मला त्याचं दुःख नाही.

सेक्रेटरीकाकांकडे संध्याकाळी गेले. जिन्यातला दिवा रात्रभर बंद ठेवता येणार नाही, असं ते म्हणाले, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा पहाटे जिन्याने व्यायाम करतात. माझ्या क्यूएसओसाठी कुणी अंधारात पाय घसरून पडलं तर? शेवटी ठरलं असं की वरच्या चार मजल्यांवर ट्यूबऐवजी साधे बल्ब, खर्च माझा, काम सोसायटीच्या वायरमनचं.

कोणते बल्ब, हे नीट वाचा. रविवारी सकाळी मी हार्डवेअरच्या दुकानात पोर्टेबल रेडिओ घेऊन गेले आणि काउंटरवर सात प्रकारचे बल्ब लावून ऐकले. दुकानदाराने काही न विचारता होल्डर काढून दिला, देव त्याचं भलं करो. सगळ्यात महागडे दोन सगळ्यात वाईट. सगळ्यात शांत निघाला तो स्वस्तातला ९ वॉटचा डीओबी, म्हणजे ड्रायव्हर-ऑन-बोर्ड. त्यात लिनिअर आयसी असते, स्विचिंगच नाही, मग आवाज येणार कुठून? थोडी वीज उष्णतेत जाते, पण जिन्यातल्या चार बल्बांना त्याची काय चिंता. यापुढे घरात कुठलाही दिवा रेडिओ लावून ऐकल्याशिवाय मी घेणार नाही.

क्लिप-ऑन फेराइटवर (वायरीवर अडकवून नॉइज दाबायचे तुकडे) घातलेले पैसे मात्र वाया गेले. एका दुकानाने मिक्स ३१ (फेराइटचा एक प्रकार) म्हणून दिलेले तुकडे नॅनोव्हीएनएवर (छोट्या मोजणी-यंत्रावर) मोजले तर ७ मेगाहर्ट्झला जेमतेम काही. मिक्स खरं असलं तरी वायरीवर एकदा अडकवून ४० मीटरवर फरक पडत नाही. वेढे हवेत. इम्पीडन्स साधारण वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. पाच वेढे म्हणजे पंचवीस पट. मोठा टोरॉइड (फेराइटचं कडं) घ्या, वेढे घाला, मोजा, मगच विश्वास ठेवा.

रविवारी दुपारी ३ ला वायरमनदादांनी चौथा अँगल होल्डर बसवला. खालचे दहा मजले अजून ट्यूबवरच, त्यामुळे वर्दळीला एस ५ पर्यंत जातं. तरीही तीन एस-युनिट मिळाले, १८ डीबी! गच्चीवर कुठलाही बीम (एका दिशेला रोखलेली अँटेना) चढवून मला एवढे मिळाले नसते.

संध्याकाळी ६:५० ला ७.०११ वर सर्च अँड पाउन्स (बँडवर फिरून दुसऱ्यांच्या हाकेला उत्तर देणं) करत होते. एक कापरा, पाण्याखालून आल्यासारखा सीक्यू (कुणी आहे का, अशी हाक). डब्ल्यू६. कॅलिफोर्निया! आपल्याकडून तिकडची सरळ रेषा उत्तर ध्रुवाच्या जवळून जाते, त्यामुळे सिग्नल ऑरोराच्या पट्ट्यातून थरथरत येतो. नोव्हेंबरअखेर तिथे ध्रुवीय रात्र असते, कॅलिफोर्नियात पहाट व्हायची असते आणि ठाण्यात नुकताच अंधार पडलेला असतो. ती फट फार थोडा वेळ उघडी असते. तिसऱ्या हाकेला त्याने माझा कॉल उचलला, शेवटचं अक्षर चुकवून. माझ्या कॉलच्या शेवटी एच आहे, मोर्समध्ये चार डिट (टिंबं), आणि कापऱ्या सिग्नलवर चौथा डिट हमखास हरवतो, मग लोक तीन डिटचा एस लिहितात. मी पूर्ण कॉल दोनदा दिला. तो एच सकट परत आला. '५एनएन ३', म्हणजे सिग्नल रिपोर्ट ५९९ आणि त्याचा झोन. झोन ३, ४० मीटर, १०० वॉट, एक वाकलेली तार. मी हेडफोन काढून गॅलरीत जाऊन उभी राहिले. स्पर्धेच्या वेळी असं उठू नये, माहीत आहे.

या एच मुळे आणखी एक शिकले. शनिवारी मी मिनिटाला २८ शब्दांनी मोर्स चालवत होते. रविवारी २५ वर आणलं आणि क्यूएसओंचा वेग वाढला, कारण परत विचारणारे कमी झाले. हॅम परवान्याच्या जनरल ग्रेडला ८ शब्दांवर पास झाले तेव्हा वेग म्हणजे सगळं असं वाटायचं. आता वाटतं, अक्षरांमधली जागा नीट दिली तर समोरचा आपोआप भराभर येतो.

सोमवारी पहाटे पेपरवाला आला तेव्हा वॉटरफॉलवर वरचे चार मजले कोरे होते, पाचवी रेघ दहाव्याची. ५:१२ ला पूर्व किनाऱ्याचा झोन ५ मिळाला, ५:२१ ला कॅरिबियनमधला झोन ८. ईए८ पुन्हा दिसला नाही. १० मीटरवर एक दुसरा मिळाला, पण ४० चा रकाना रिकामाच.

आकडे: ४० वर १३८, २० वर ८१, १५ वर ७४, १० वर ११९, एकूण ४१२ क्यूएसओ. ८० मीटरला तार लावायला जागा नाही. गुण ९८८, मल्टिप्लायर (ज्यांच्या बेरजेने गुणांना गुणायचं) ६१ झोन आणि १४२ देश, क्लेम्ड स्कोअर (माझ्या हिशेबाने) २,००,५६४. गेल्या वर्षी क्यूएसओ २९६ होते. जपान खूप आला आणि मला त्यांचं स्वच्छ सीडब्ल्यू फार आवडतं, पण आशियातल्या आशियात १ च गुण. दोन व्हीयू (भारतीय) स्टेशनं मिळाली, शून्य गुण, पण मल्टिप्लायर. लॉग पाच दिवसांत द्यायचा असतो, मी सोमवारी रात्रीच पाठवला. चार कॉल संशयास्पद वाटतात. ऐकलं तेच ठेवलं आहे, नंतर बदलायचे नाहीत. अनअसिस्टेड (बाहेरच्या मदतीशिवाय) होते म्हणून आरबीएन (कोण कुठे ऐकू येतं ते आपोआप नोंदवणारं जाळं) स्पर्धेनंतरच उघडला. रविवारी रात्री युरोपातले स्किमर (त्या जाळ्यातले रिसीव्हर) मला १८-२० डीबीने ऐकत होते. म्हणजे प्रक्षेपण शनिवारीही ठीकच असणार. कमी पडले ते कान.

पुढचा बेत असा होता की फेब्रुवारीतल्या एआरआरएल डीएक्स सीडब्ल्यू या स्पर्धेआधी गच्चीवर एक छोटा रिसीव्हिंग लूप लावायचा, त्याचा नल (ज्या दिशेचं सगळ्यात कमी ऐकू येतं ती बाजू) जिन्याकडे वळवून. त्या स्पर्धेत आपल्याला फक्त अमेरिका आणि कॅनडा चालतात, सगळे दुबळे सिग्नल, त्यामुळे कान हवेतच. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय. नॉइज कॅन्सलरला (नॉइजचा उलटा नमुना मिसळून तो पुसणाऱ्या यंत्राला) नॉइजच्या जवळचा नमुना लागतो, आणि माझ्याकडे चौदा मजली नमुना तयार आहे. जिन्याच्या डक्टमध्ये दोन मीटर वायर सोडली, तिचा फेज उलटा करून मेन अँटेनात मिसळला तर?

अडचण लगेच दिसते. रेघा दहा, मजले दहा. एका मजल्याचा नॉइज शून्य केला की दुसऱ्याचा फेज जुळणार नाही. पेपरवाला उतरतोय आणि मी नॉब फिरवत त्याच्या मागे उतरतेय, हे १०० क्यूएसओ करताना शक्य नाही. सगळी घाण खरोखर एकाच उभ्या वायरीतून फेकली जात असेल तरच कॅन्सलर चालेल. ते तपासणं सोपं आहे. मुलाला पुन्हा जिन्यात पाठवून दोन मजल्यांच्या रेघा एकाच सेटिंगला बुडतात का ते पाहायचं. बुडाल्या तर कॅन्सलर, नाही तर लूप. कुणी आधी हे केलं असेल तर वायर किती लांब ठेवली ते सांगा.

सेक्रेटरीकाकांनी काल स्वतःहून विचारलं की उरलेल्या दहा मजल्यांवरही बल्ब लावायचे का, कारण दोन ट्यूब आत्ताच लुकलुकायला लागल्यात. त्यांच्या हातात डीओबीचा नमुना दिलाय. बुधवारी संध्याकाळी ६:३० च्या सीडब्ल्यूटीला (दर आठवड्याची छोटी मोर्स स्पर्धा) बसणार आहे, त्या वेळी जिन्यात शाळा-क्लासच्या मुलांची सगळ्यात जास्त ये-जा असते. एस-मीटर काय म्हणतो ते लिहीन.