मॅटीवर काय भरायचं, नवीन काही सुचतच नाही

दर पावसाळ्यात माझं हेच होतं. क्रॉस स्टिचसाठी मॅटीचं चौकटी-चौकटीचं कापड काढते, दोऱ्यांचा डबा काढते आणि मग तासभर मोबाइलवर डिझाइन शोधत बसते. सापडतं काय, तर बर्फातलं घर, ख्रिसमस ट्री, वाफाळता कप, घुबड. छान असतात हो, पण बर्फाचं घर आपल्या हॉलमध्ये लावून करू काय? आणि जुनी पुस्तकं उघडली तर तेच समोरासमोर दोन हंस, जे आईच्या टीव्ही कव्हरवर होते.

मग एकदा दिवाळीत रांगोळी काढताना ट्यूब पेटली. क्रॉस स्टिचला, म्हणजे फुलीच्या टाक्याला, शेवटी लागतात काय, चौकटी, आणि आपल्याकडे ठिपक्यांत नि चौकटीत बसवलेलं किती काय पडलंय.

रांगोळीचं पुस्तक घ्या, पण सरळ ठिपक्यांचीच निवडा. हे मी तोंडावर पडून शिकलेय. उत्साहात १३ ते ७ मधल्या ठिपक्यांचं कमळ घेतलं, त्यात प्रत्येक ओळ अर्धा ठिपका सरकलेली असते, त्या तिरक्या रेषा फुलीच्या तिरकेपणाशी जुळतच नाहीत, मी ओढूनताणून बसवलं आणि कमळ असं चपटं झालं की नवरा म्हणे, "बेडूक छान जमलाय." सरळ ७ बाय ७ ची मात्र मस्त बसते, एका ठिपक्यापासून पुढचा चौथ्या घरात धरला की एका बाजूला २५ घरं होतात, १४ काउंटच्या आयडावर (हेही मॅटीसारखंच चौकटींचं कापड) म्हणजे इंचाला १४ घरं, जेमतेम पावणेदोन इंच. पहिल्यांदाच सुई धरणाऱ्याला बुकमार्कसाठी एवढं पुरे, रंग दोनच, दोरा सहापदरी असतो त्यातले दोन पदर घ्यायचे.

थोडा हात बसला असेल तर कपाट उघडा. पैठणीच्या पदरावरची नक्षी मागावर धागे मोजूनच विणतात, म्हणून मुनियाच्या, म्हणजे पोपटाच्या, कडा नीट बघितल्या तर पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात, म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे! फोटो काढायचा, झूम करायचा, गणिताच्या चौकटीच्या वहीत उतरवायचा. नारळी काठ तर नुसते त्रिकोण, टेबलमॅटच्या कडेला पळत जातो. इरकलीचा गोमी काठ पण बघा. आणि कसुती! धारवाडकडच्या या भरतकामात मेंथी नावाचा टाका आहे, तो म्हणजे आपली फुलीच, बाकी गवंती वगैरे टाके रेषेचे. तिथे कापडावर काही छापत नाहीत, धागे मोजून गोपुर, पालखी, तुळशीवृंदावन भरतात, त्यामुळे ते मोटिफ जसेच्या तसे उचलता येतात.

मुरलेल्यांनी आपली अक्षरं ट्राय करावीत. इंग्लिश अक्षरांचे तयार चार्ट ढिगाने मिळतात, मराठीचे स्वतःच करावे लागतात आणि त्यातच मजा आहे. शिरोरेषा एका ओळीत सरळ जाते, दांडा दोन घरांचा, अक्षर निदान नऊ घरं उंच, पण वर मात्रा-वेलांटीला नि खाली उकाराला चार-चार घरं सोडायला विसरू नका, मी विसरले होते आणि ‘सुस्वागतम्’च्या ‘सु’चा उकार फ्रेमखाली गेला. ‘ठ’ आणि ‘ळ’चा गोल फुलीने धड होत नाही, तिथे बॅकस्टिच, म्हणजे सलग रेषेचा टाका.

फोटोचा चार्ट करून देणाऱ्या ॲपपासून जरा जपून हं. आमच्या मांजराचा फोटो टाकला तर त्याने ४३ शेड्स काढल्या, आणि एका कानात सात तपकिरी, एकेक फुली इकडे एक तिकडे. कान झालाय. मांजर राहिलंय. आधी रंग १०-१२ वर आणा, मगच कापड कापा.

सध्या मामाच्या जुन्या घरातल्या सिमेंटच्या नक्षीदार फरशीमागे लागलेय. चार फरश्या जुळल्या की मध्ये फूल होतं, त्यामुळे एकाच कोपऱ्याचा चार्ट काढला तरी चालतो, बाकीचे तीन फिरवून घ्यायचे. तिचे कोपऱ्याकोपऱ्याचे फोटो मागवले तर मामीचा लगेच फोन, "फरशीचे फोटो कशाला गं, घर विकायचं चाललंय का तुमचं?"