अकरा गोळ्या

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५
केटी, टेक्सस

आज सकाळी हात आपणहून गेला.

हॉस्पिटलमधली नाइट ड्यूटी संपवून साडेसातला निघाले. त्या वेळी सगळी गर्दी ह्यूस्टनच्या दिशेनं येत असते आणि मी उलटी, आय-टेन महामार्गावर पश्चिमेकडे. झोपेनं डोळे जड झाले होते. एका पिकअपच्या अगदी पुढ्यात लेन बदलली. चूक माझीच. त्यानं हॉर्न दाबून धरला, बाजूला येऊन काहीतरी ओरडला, मग मागे जाऊन बंपरला चिकटला. दोन एक्झिट गेल्या तरी तसाच. आणि माझा उजवा हात स्टिअरिंग सोडून दोन सीटांमधल्या कप्प्याकडे गेला, झाकण उघडलं, आत चाचपडू लागला. टिश्यूचं पाकीट, ईराचा हेअरबँड, चार्जरची वायर. मार्चपासून तिथे दुसरं काही नाही, हे हाताला ठाऊकच नव्हतं.

घराची एक्झिट सोडून दिली. पुढच्या एक्झिटला उतरून एका मोठ्या पेट्रोल पंपावर, माणसांची ये-जा होती तिथे थांबले. पिकअप सरळ निघून गेला. दहा मिनिटं तशीच बसून राहिले. आता दुपारचे दोन वाजलेत, पडदे ओढलेत, पण हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

बंदूक घ्यायचं पहिल्यांदा मनात आलं ते २०२१ च्या जुलैत. ॲस्ट्रोस या बेसबॉल संघाचा सामना बघून घरी निघालेल्या एका कुटुंबाच्या गाडीवर इथेच, ह्यूस्टनमध्ये, रस्त्यावरच्या भांडणातून गोळ्या झाडल्या. वडील गाडी चालवत होते. सतरा वर्षांचा मुलगा गेला. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून टेक्ससमध्ये एकवीस वर्षांवरच्या बहुतेक माणसांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगायची मोकळीक मिळाली. गाडीत झाकून ठेवायची मुभा तर २००७ पासूनच होती. म्हणजे शेजारच्या लेनमधल्या कुठल्याही गाडीत ते असू शकतं, हे धरूनच इथे गाडी चालवायची. मी तेव्हा एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसामागून मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर होते. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, केंद्रीय कायदा बंदूक ठेवू देत नाही. त्यामुळे विषय तिथेच थांबला. ग्रीन कार्ड आलं आणि दोनच महिन्यांत मी दुकानात उभी होते. फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली, अर्ध्या तासात सिग सॉअर कंपनीची पी-३६५ ही पिस्तूल हातात. रिकामी असताना वजन अर्धा किलो. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या आणि नळीत एक.

गरज नसताना परवानाही काढला, कारण मला शिकायचं होतं. परीक्षेत तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या. माझे नेम चांगले लागले. शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: चाकं फिरताहेत तोवर गाडी हेच तुमचं संरक्षण, निघून जा, घराकडे वळू नका, माणसांत जा. आज मी तेच केलं. पण हात आधी कप्प्यात गेला होता, आणि सत्तर मैलांच्या वेगात एका हातानं मी नेमकं काय करणार होते, ते मला आत्ताही सांगता येत नाही.

त्याच वर्गात सुझाना हपबद्दल ऐकलं. १६ ऑक्टोबर १९९१, किलीन गावातली लूबीज कॅफेटेरिया. एका माणसानं काच फोडून पिकअप आत घातला आणि गोळीबार सुरू केला. तेवीस माणसं मेली. हप आईवडिलांबरोबर जेवायला आली होती. तिचं रिव्हॉल्वर बाहेर पार्किंगमध्ये, गाडीत होतं. जवळ बाळगायला तेव्हा कायद्याची बंदी, आणि पकडलं गेलं तर व्यवसायाचा परवाना जाईल ही भीती. आई आणि वडील, दोघंही तिथेच गेले. पुढे ती आमदार झाली. टेक्ससमध्ये १९९५ साली परवान्यानं पिस्तूल बाळगायचा कायदा झाला, त्यामागे तिची साक्ष होती. तिची कळकळ मी कधीच नाकारणार नाही. परवा त्या दिवसाला चौतीस वर्षं होतील. बंदूक गाडीत राहिली म्हणून तिचं सगळं गेलं.

माझीही गाडीतच राहिली.

हे कसं होतं ते कुणी सांगत नाही. कमरेला होल्स्टर, म्हणजे बंदुकीचं म्यान, लावावं तर वरून सीटबेल्ट येतो, बसल्या जागी हात पोचत नाही. आणि आमचे स्क्रब्ज, म्हणजे हॉस्पिटलचे कपडे, नाडीचे, त्यांना होल्स्टर पेलत नाही. म्हणून ती कप्प्यात. हॉस्पिटलच्या दारावर बंदूक आणायला मनाईची पाटी. पण २०११ च्या कायद्यानं, परवाना असलेल्या कर्मचाऱ्यानं पार्किंगमध्ये बंद गाडीत बंदूक ठेवली तर मालकाला अडवता येत नाही. म्हणजे जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास ती माझ्याजवळ, आणि मधले बारा तास एकटी, तिसऱ्या मजल्यावरच्या अंधारात. शिवाय डेकेअर, पोस्ट, ईराची शाळा. संरक्षण म्हणून घेतलेली वस्तू दिवसातला बहुतेक वेळ एका काचेमागे पडून असायची. हा हिशोब मी घेण्याआधी करायला हवा होता.

मार्चमधल्या एका सकाळी काच फुटलेली दिसली. कप्पा उचकटला होता. गॉगल तिथेच, सुटे पैसे तिथेच. पोलीस म्हणाला, हल्ली तेवढंच शोधायला येतात. टेक्ससमध्ये चोरी कळवायची कायद्यानं सक्ती नाही, पण मी लगेच कळवलं. नंबर लिहून ठेवला होता, तो देशभरच्या चोरीच्या यादीत चढवला. माझा नवरा मंदार म्हणाला, जाऊ दे, तू त्या वेळी गाडीत नव्हतीस हेच मोठं.

त्याचं म्हणणं प्रेमापोटी आहे. पण मी इमर्जन्सीत काम करते. गोळी लागलेला पेशंट आला की आम्ही कपडे कापतो, रक्ताच्या पिशव्या मागवतो, जखमा मोजतो. आधी मी फक्त जखमा मोजायचे. आता आतून एक प्रश्न येतो, की ही माझी तर नाही? गेल्या महिन्यात एक मुलगा आला, पंधराचा असेल. वाचला. त्याच्या मांडीतून काढलेला शिशाचा तुकडा ट्रेमध्ये वाजला आणि मी दोन पावलं मागे सरले. नाइन मिलिमीटरच्या बंदुका या शहरात किती असतील, माझ्याच बंदुकीची ती गोळी असण्याची शक्यता किती, हे सगळं कळतं. तरीही मी त्याच्या आईला नजर देऊ शकले नाही.

आमच्या कणकवलीच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेती संरक्षणाच्या परवान्यावर. रानडुकरं भातात उतरायची. माजघरात खुंटीवर ती टांगलेली असे, आणि निवडणूक लागली की आजोबा ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणत. पावती देवघरातल्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याखाली. मतमोजणी झाली की बंदूक परत आणायला जात. वर्षाच्या कुठल्याही दिवशी विचारा, बंदूक कुठे आहे ते घरातलं लहान पोरही सांगू शकायचं.

रविवारच्या फोनवर आई अजून विचारते, “गावली काय गो?”

मंदारनं मध्यंतरी सीटखाली बोल्टनं पक्की करायची पोलादी पेटी आणली. म्हणतो, दुसरी घे, या वेळी नीट ठेवू. आजचं पिकअपचं सांगितलं तर लगेच दुकानात नेईल. मी त्याला आज सांगणार आहे, पिकअपचंही आणि हेही: पहिली सापडेपर्यंत माझ्या गाडीत दुसरी येणार नाही. पेटी परत करून टाक.

दर महिन्याच्या पंधरा तारखेला मी पोलिसांना फोन करते. केस नंबर पाठ झालाय. उद्या पंधरा. रात्री ड्यूटी आहे, त्याआधी चारला उठून करीन.