शेरा : पालक अनियमित

आमच्या केंद्रात प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये हजेरीचं एक पान असतं. महिना संपला की त्यावर एका-दोन शब्दांत शेरा लिहायचा. नियमित. आजारपण. गावी. मल्हारच्या पानावर जून २०२५ समोर माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘पालक अनियमित’. (मल्हार हे त्याचं खरं नाव नाही.)

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. ठाण्यात नौपाड्याला, घंटाळीच्या बाजूला आमचं केंद्र आहे. येणारी बहुतेक मुलं सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे लहान वयातच मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर नीट ताबा नसलेली. मल्हार साडेचार वर्षांचा. दिवस भरायच्या बऱ्याच आधी जन्मला. दोन्ही पायांचे स्नायू ताठ, टाचा जमिनीला टेकत नाहीत, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. डोकं मात्र तल्लख. ‘डावा पाय दाखव’ म्हटलं की मुद्दाम उजवा दाखवतो आणि मावशी फसली का ते बघत हसतो.

मे महिन्यात त्याच्या पोटऱ्यांमध्ये बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं दिली होती. त्यांनी ताठ स्नायू साधारण तीन महिने सैल राहतो. तेवढ्या अवधीत पोटरी ताणून घ्यायची, स्प्लिंट (पाऊल योग्य कोनात धरून ठेवणारे आधार) घालायचे, टाच टेकवून उभं राहायची सवय लावायची. हे दिवस हातचे गेले तर इंजेक्शन दिलं काय न दिलं काय, सारखंच. आणि नेमक्या याच दिवसांत मल्हार ठरलेल्या १४ वेळांपैकी ६ वेळाच आला. आला तोही अर्धा तास उशिरा, आणि आमची वेळ असते ४५ मिनिटांची. जूनच्या सुरुवातीला गुडघा सरळ धरून त्याचं पाऊल काटकोनाच्या १० अंश वर येत होतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कोनमापक लावला तर ते काटकोनाशीच अडलं. पुढे हलेना.

सोमवारच्या बैठकीत वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, “११ ची वेळ दुसऱ्या मुलाला देऊ या. किती जण थांबलेत.” त्यात चुकीचं काही नव्हतं. थांबलेल्या मुलांचेही दिवस जातच असतात. मी आठवडाभराची मुदत मागितली आणि मल्हारच्या आईला फोन केला.

“मॅडम, मी निघते वेळेवर,” ती म्हणाली. “पोचत नाही.”

हे वाक्य माझ्या कानांना सवयीचं झालं होतं, म्हणून मला ती सबब वाटली. सोळा वर्षांच्या नोकरीत मी एकदाही विचारलं नव्हतं की ‘पोचत नाही’ म्हणजे काय होतं.

गुरुवारी माझी सकाळची दोन मुलं तापामुळे येणार नव्हती. मी सकाळी दहाला चंदनवाडीत तिच्या दारात उभी राहिले. म्हटलं, आज तुमच्याबरोबर चालत येते.

मल्हारची गाडी आधी सांगायला हवी. ती साधी बाबागाडी नाही. डोक्याला आधार, छातीवर पट्टा, मांड्या जवळ येऊ नयेत म्हणून मध्ये उंचवटा, पायाखाली फळी. आमच्याच सांगण्यावरून एका संस्थेच्या मदतीने घेतलेली. मागच्या चाकांमधली रुंदी ६४ सेंटिमीटर. मुलगा १३ किलोचा, गाडी १६ किलोची, वर पाण्याची बाटली, स्प्लिंटची पिशवी आणि छत्री. तिच्या घरापासून केंद्रापर्यंत दीड किलोमीटरच्या आतलं अंतर. मी मोकळ्या हातांनी वीस मिनिटांत चालून आले होते.

इमारतीच्या फाटकाबाहेर पडलो आणि पहिल्याच गल्लीत थांबलो. फूटपाथ होता, पेव्हर ब्लॉकही धड होते. पण त्यावर एकामागे एक गाड्या, दोन चाकं वर आणि दोन चाकं खाली, भिंतीला आरसा लागेल इतक्या आत. माझ्या पिशवीत पोटरीचा घेर मोजायची कापडी टेप असते. ती काढून बंपर आणि कुंपणाच्या भिंतीमधली जागा मोजली. ३८ सेंटिमीटर. पुढच्या गाडीपाशी ४१. त्यापुढे एक लांबलचक गाडी पूर्ण वर चढवलेली, तिथे मोजायला काही उरलंच नव्हतं.

“या रात्रीच्या गाड्या,” ती म्हणाली. “इथल्याच बिल्डिंगमधल्या. नऊनंतर काही ऑफिसला जातात, काही इथेच असतात. दुकानांच्या रस्त्याला उलटं. तिथे सकाळी मोकळं असतं आणि साडेदहाला शटर उघडली की भरतं.”

हे ती सहज बोलून गेली. मी मात्र तिच्याकडे बघतच राहिले. ११ ची वेळ आम्ही ठरवली होती, आमच्या सोयीने. त्या वेळेसाठी निघायचं म्हणजे गल्लीत मागे उरलेल्या गाड्या तशाच असतात आणि दुकानांपुढच्या नुकत्याच आलेल्या असतात.

फूटपाथ सोडायचा म्हणजे नुसतं खाली उतरणं नव्हे. आधी ती वळून मागे बघते. मग गाडी उलटी फिरवते, मागची चाकं हळूच खाली सोडते आणि सगळा भार स्वतःच्या मांडीवर घेते. पुढून उतरवली तर मल्हार पट्ट्यात पुढे लोंबतो. वर चढवताना दांडा दाबून पुढची चाकं उचलायची आणि मग २९ किलो ढकलायचे. फूटपाथची कड मोजली, एके ठिकाणी २३ सेंटिमीटर भरली. पाचव्यांदा हे पाहिल्यावर मी विचारलं, मग सगळा वेळ रस्त्यानेच का नाही चालत?

“चालते की,” ती म्हणाली. “पण तो मग रडतो.”

का रडतो ते कचराळी तलावाच्या पुढे कळलं. रस्त्याच्या कडेलाही गाड्या लावलेल्या, त्यामुळे आम्ही जवळजवळ वाहत्या रस्त्यात. मागून एका मोटारसायकलवाल्याने हॉर्न दाबला. मल्हारचं सगळं अंग धनुष्यासारखं ताणलं. डोकं मागे, हात बाहेर, पाय सरळ होऊन कात्रीत, टाचा फळीवरून वर. दचकल्यावर असं होणं या मुलांच्या हातात नसतं. आपण दचकतो आणि क्षणात सावरतो, त्यांच्या स्नायूंना सैल व्हायला मिनिटं लागतात. तो सैल व्हायच्या आत दुसरा हॉर्न आला, मग बसचा. तिने चालता चालता एक हात त्याच्या छातीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने एवढी जड गाडी ढकलत राहिली.

मी केंद्रात पाऊण तास जे करते, कोमट शेक, हळूहळू ताण, त्याच्या आवडीचं गाणं लावून पाय मोकळे करणं, ते परतीच्या वाटेवर दहा मिनिटांत उसवलं जात असणार. इतकी वर्षं मी पालकांना सांगत आले, ‘घरी व्यायाम करत नाही तुम्ही, म्हणून पाय परत ताठ होतात.’ त्या दिवशी हे वाक्य आठवून मला रस्त्यातच लाज वाटली.

रिक्षाचं विचारलंच मी. सर्वांनाच सुचतं ते. कमीत कमी भाडं २६ रुपये, जवळचं अंतर, का नाही करत?

“गाडीची सीट वेगळी काढावी लागते, मग सांगाडा मिटतो. ते करताना याला धरणार कोण? रस्त्यावर ठेवू का? रिक्षावाले काही वाईट नसतात मॅडम, एक काका तर उतरून मदत करतात. पण मागून हॉर्न सुरू होतात, ते तरी किती थांबणार?”

हरिनिवासच्या अलीकडे जे झालं ते मी दोनच ओळींत सांगते, कारण लिहिताना अजून हात थरथरतो. दुकानापुढच्या फूटपाथवर उभ्या गाडीला वळसा घालताना पुढचं चाक गटाराच्या जाळीत गेलं आणि गाडी डाव्या अंगाला कलली. मागच्या टेम्पोने ब्रेक दाबला, मी सांगाडा धरला, तिने मुलाला धरलं, आणि टेम्पो आमच्यापासून हातभर अंतरावर थांबला. चालक उतरून आला. मला वाटलं आता ओरडणार. त्याने काही न बोलता चाक जाळीतून उचलून दिलं आणि मल्हारच्या गुडघ्यावर हात ठेवून निघून गेला.

ती फूटपाथच्या कडेवर बसली. “एकटी असते तेव्हा असं एकदा झालं होतं,” म्हणाली. “जूनमध्ये. त्यानंतर चार-पाच दिवस मी निघालेच नाही. तुम्हाला सांगितलं की पोट बिघडलंय त्याचं.”

जूनचा शेरा मी लिहिला होता तो हाच.

आम्ही ११ वाजून १० मिनिटांनी केंद्राच्या रस्त्याला लागलो. १४ वेळा फूटपाथ सोडला होता. आणि आमच्याच फाटकापाशी, आम्ही मुद्दाम करून घेतलेल्या उताराच्या तोंडाशी, एक पांढरी गाडी फूटपाथवर चढवून लावलेली होती. माझा आवाज चढलाच. “कोणाची गाडी आहे ही? काढा आधी!”

आतून एक वडील धावत आले. मी त्यांना ओळखत होते. त्यांची मुलगी अकरा वर्षांची, आमच्याचकडे येते. आता तिला उचलून न्यावं लागतं आणि तिचं वजन ३० किलोच्या पुढे गेलं आहे. ते किल्ली हातात घेऊन उभे राहिले. “मॅडम, रस्त्यात थांबवली की मागचे शिव्या घालतात. तिला उचलून आणायला मला दोन मिनिटं तरी लागतात. कुठे थांबू सांगा, तिथे थांबतो.”

मल्हारची आई मध्ये पडली. “राहू द्या दादा, तुम्ही तिला आत घ्या आधी, आम्ही थांबतो.” आणि खरंच थांबली, भर उन्हात, त्यांनी गाडी काढेपर्यंत. दुकानापुढच्या गाडीवाल्यावर मला जो राग आला होता तो मला इथे कोणावर काढता येईना. शेजारी-शेजारी दोन आईबाप, दोन्ही मुलं माझी, आणि दोघांच्या मध्ये दीड मीटरचा एक फूटपाथ.

त्या दिवशी मल्हारला मी व्यायाम दिलाच नाही. नुसतं मांडीवर घेऊन बसले, पाय सैल होईपर्यंत. त्याला अर्धा तास लागला.

रात्री घरी बसून वाचलं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचारी सुविधांची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की निवासी भागातसुद्धा फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर जागा मोकळी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरच्या वर जाऊ नये. म्हणजे १५ सेंटिमीटर. मी २३ मोजले होते. फूटपाथवर गाडी लावायला २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत मनाई आहे. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अडथळा नसलेला, अपंग व्यक्तींनाही वापरता येईल असा फूटपाथ हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मल्हारला इंजेक्शन मिळालं त्याच महिन्यातला हा निकाल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सीचं नाव आहेच. म्हणजे कागदावर या मुलाच्या बाजूने सगळं आहे.

शुक्रवारी मी वरिष्ठ मॅडमसमोर फाइल ठेवली आणि मोजमापांचा कागद ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “पावणेदहाची वेळ दे त्याला.” ऑफिसच्या गाड्या गेलेल्या आणि दुकानं उघडायची, त्यामधला तेवढा एकच काळ आहे. पावणेदहाला येणाऱ्या मुलाच्या आजोबांना फोन केला. ते स्वतःच्या रिक्षाने नातवाला आणतात, ते ११ ला यायला लगेच तयार झाले. पांढऱ्या गाडीवाल्या वडिलांसाठी आमच्या शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटलो. त्यांच्या आवारात मुलीच्या ठरलेल्या दिवशी दहा मिनिटं गाडी उभी करायला त्यांनी परवानगी दिली. वॉचमन काका स्वतः दोरी सोडतात. रस्त्यावरच्या बाकी गाड्यांसाठी फोटो, मापं आणि ठिकाणं जोडून अर्ज दिला आहे. पोच मिळाली. एकदा कारवाई झाली, आठवडाभर गल्ली मोकळी राहिली, मग परत गाड्या आल्या. दुसरा अर्ज दिला आहे.

मल्हारचे इंजेक्शनचे तीन महिने ऑगस्टमध्ये संपले. गेलेले दिवस काही परत आले नाहीत. शेवटच्या मोजणीला पाऊल काटकोनाच्या ५ अंश वर आलं. जूनमध्ये १० होतं. हे आकडे मी त्याच्या आईला जसेच्या तसे सांगितले, आणि तो फरक तिच्यामुळे पडलेला नाही हेही सांगितलं. ती काही बोलली नाही. स्प्लिंटचे पट्टे लावत राहिली.

जूनचा शेरा मी खोडला. खोडलेलं वाचता येईल अशी एकच रेघ मारली आणि बाजूला लिहिलं : ‘घर ते केंद्र ७० मिनिटं. १४ ठिकाणी फूटपाथवर वाहनं. गाडीची रुंदी ६४ सेंमी, मोकळी जागा ३८ ते ४१ सेंमी.’ खाली सही केली. मग कपाट उघडून गेल्या दोन वर्षांच्या फाइली काढल्या. ‘पालक अनियमित’ हा शेरा आणखी नऊ मुलांच्या पानांवर सापडला. त्यांतल्या तिघांनी केव्हाच येणं बंद केलं होतं. त्या तिघांच्या घरांपासून मी सुरुवात केली. टेप पिशवीत असते. आतापर्यंत चार घरांहून केंद्रापर्यंत चालत आले आहे.