तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बाटल्या उघडत का नाही?

घरी येणारा प्रत्येक जण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला तो छोटा फ्रिज बघतो, आतल्या वाइनच्या आडव्या बाटल्या मोजतो आणि विचारतो, "एवढ्या ठेवून दिल्यात, उघडणार कधी?" पाठोपाठ ठरलेला दुसरा प्रश्न येतो, "जुनी तेवढी चांगली ना?" आजवर मी हसून चहा टाकायला उठत आले. आता एकदा नीट सांगते.

जुनी तेवढी चांगली, हे खरं नाही. बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकायच्या असतात. माझ्याकडे आहेत त्या बारोलो, म्हणजे उत्तर इटलीतल्या नेब्बिओलो द्राक्षाच्या लाल वाइन, आणि त्याही जुन्या पद्धतीने केलेल्या. रस सालींबरोबर आठवडेच्या आठवडे ठेवायचा, मग ओकच्या अवाढव्य जुन्या पिंपांत वर्षानुवर्षं. आजच्या नियमाने बारोलो किमान ३८ महिन्यांनी बाहेर येते, त्यातले १८ महिने लाकडात. रंगाने ती फिकी असते. फसवा रंग आहे तो. कोवळेपणी घोट घेतला की हिरड्या आवळून येतात, जसा कोरा चहा उकळत ठेवून विसरावा आणि मग तोच प्यावा. वर्षं जातात तसा हा तुरटपणा एकमेकांत गुंफला जातो, थोडा गाळ होऊन तळाशी बसतो, आणि मग आत दडलेलं वर येतं: वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, आणि उन्हात तापलेलं डांबर. हे दोन वास एकत्र कसे नांदतात ते मला आजही शब्दांत नीट सांगता येत नाही.

"म्हणजे लोणच्यासारखं मुरतं," असं तुम्ही म्हणता. मीही म्हणायचे. पण लोणच्याची बरणी उघडता येते. चमचा घालून बघता येतं, मीठ कमी वाटलं तर घालता येतं, झाकण परत लावता येतं. बाटली एकदाच उघडते. ती तयार होती की नव्हती, हे ती संपवूनच कळतं.

मी २००४ ते २०१० नोकरीनिमित्त इटलीत, तोरिनोत होते. खालच्या मजल्यावर घरमालक राहायचे, सत्तरी ओलांडलेले. मूळचे सेर्रालुंगाचे, बारोलोच्या टापूतल्या एका गावचे. त्या टेकड्यांवरची बारोलो सगळ्यांत ताठ, सगळ्यांत उशिरा वळणारी. ला मोर्रा या त्याच टापूतल्या गावची त्या मानाने लवकर मऊ होते, आणि याचा त्यांना अभिमान होता, जणू उशीर हाच गुण. ऐंशीच्या दशकात एलिओ आल्तारे या बारोलो करणाऱ्या तरुणाने वडिलांची जुनी पिंपं करवतीने कापली आणि छोटी नवी फ्रेंच पिंपं आणली, ती गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. जुन्या पद्धतीला धरून राहिलेल्या बार्तोलो मास्कारेल्लोंनी आपल्या बाटल्यांच्या लेबलवर हाताने लिहिलेली 'छोटी पिंपं नकोत'ची घोषणा त्यांना तोंडपाठ होती. मला चव घ्यायला त्यांनीच शिकवलं. पेला नाकाशी न्यायचा आणि गप्प बसायचं. लगेच बोलायचं नाही.

मी परत निघाले तेव्हा त्यांनी १९९६ च्या, म्हणजे त्या वर्षीच्या द्राक्षांच्या, दोन बाटल्या दिल्या. १९९७ चा उन्हाळा उष्ण, ती वाइन सगळ्यांना पटकन आवडली. १९९६ ची मात्र कठीण, आंबट, हट्टी. "घाई करू नकोस," एवढंच ते म्हणाले.

मी घाई केली. २०११ मध्ये पुण्यात ऑफिसातल्या मित्रमंडळींसमोर पहिली उघडली. कुणी तोंड वाकडं केलं, कुणी बर्फ मागितला. मी चिडले त्यांच्यावर, पण चूक माझी होती: हवा लागावी म्हणून सकाळीच उघडून ठेवायची ती मी जेवायला बसताना उघडली होती. त्या रात्री ठरवलं, दुसरीला हात लावायचा नाही.

आणि दुसरी मी कपाटात ठेवली. आमचा फ्लॅट वरच्या मजल्याचा, गच्चीचा स्लॅब थेट डोक्यावर. अशी वाइन १२ ते १४ अंशांवर ठेवायची, हे मला माहीत होतं. तोंडपाठ होतं. तरी अंधार आहे म्हणजे पुरे, असं मी स्वतःला पटवलं. सहा मे महिने ती बाटली त्या कपाटात होती.

दर नाताळात घरमालकांचा फोन यायचा. "उघडलीस?" "नाही." "छान." त्यांना माझा संयम आवडायचा, आणि त्यांना तो आवडतो हे मला आवडायचं.

२०१७ च्या नाताळाआधी मी ती दोन दिवस उभी करून ठेवली, गाळ बसावा म्हणून. वरचं वेष्टण कापलं तर बूच वर सरकलेलं आणि बाटलीच्या गळ्यावर चिकट ओघळ. तेव्हाच कळलं. तरी ओतली. रंग कोऱ्या कॉफीसारखा, वास शिजवलेल्या मनुकांचा, चव बसलेली. मी तासाभराने परत चाखली, रात्री परत, सकाळी परत. गुलाब कुठेच नव्हता.

फोन आला. "उघडलीस?" हो म्हटलं. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग विचारलं, "गुलाब होता?"

मी म्हटलं, "होता."

पुढच्या वर्षी ते गेले.

त्यानंतर मी हा फ्रिज घेतला. तुम्हाला तो शौक वाटतो, श्रीमंती वाटते. वाटू दे. पण बाटल्या ठेवून दिल्या म्हणजे त्यांची कदर केली, असं मानणारी ती कपाटवाली बाई मला आता पटत नाही. कदर होती तर एवढ्या वर्षांत एक थंड जागा शोधता आली असती. मग उलट वाटतं, तेव्हाच, २०११ मध्येच दोन्ही उघडल्या असत्या तर निदान खऱ्या चवीबद्दल खरं बोलता आलं असतं, कठीण तर कठीण. आणि तेही पूर्ण पटत नाही, कारण २००९ मध्ये त्यांच्याच टेबलावर १९८२ ची प्यायलेय मी. थांबण्याला अर्थ असतो हे त्या पेल्यात दिसलं होतं. ते मी कसं नाकारू?

फ्रिजमध्ये २०१० च्या दोन सेर्रालुंगा उरल्यात. तीन होत्या. एक गेल्या जानेवारीत सकाळी आठला उघडली आणि दिवसभर थोडी थोडी चाखली. दुपारपर्यंत नुसती तुरट. रात्री साडेनऊच्या सुमारास क्षणभर गुलाब आला, मी पेला खाली ठेवला, परत उचलला, तेव्हा गेला होता.