एरर कोणाच्या मागे जातो?

भोसरीतल्या आमच्या एसएमटी लाइनवर, म्हणजे मशीन जिथे इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर बारीक पार्ट बसवतं तिथे, जुलैत एक काम चालू होतं. एका पॅनेलमध्ये (एकत्र जोडलेल्या बोर्डांच्या पाटीत) चार बोर्ड आणि प्रत्येक बोर्डावर 100 नॅनोफॅरडचे 38 कपॅसिटर. साइज 0402, म्हणजे एक मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद. हे तुकडे टेपच्या खाचांत बसवून रीलवर गुंडाळलेले येतात आणि फीडर ती टेप पुढे सरकवतो. एकाच फीडरवरून पॅनेलमागे 152 वेळा उचल. एरवी हजारात एखाद-दुसरा तुकडा वाया जातो, त्या सकाळी पॅनेलमागे चार-पाच जायला लागले. कपॅसिटर रुपयांत नव्हे, पैशांत मिळतो, त्याची काळजी नव्हती. पण मशीन तीनदा प्रयत्न करून थांबतं, ऑपरेटर येईपर्यंत लाइन उभी राहते आणि बोर्डांवर छापून ठेवलेली, पार्ट जोडणारी सोल्डर पेस्ट वाळत जाते.

अशा वेळी बहुतेक जण पिकअपची, म्हणजे तुकडा उचलण्याची, उंची 0.1-0.2 मिलिमीटरने खाली घेतात. एरर थोडे कमीही होतात. मी हे कधीच करू देत नाही. तुकडा व्हॅक्यूमने उचलणारा नोझल कपॅसिटरच्या सिरॅमिकवर दाबून आदळला की कपॅसिटरला बारीक तडा जाऊ शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, टेस्टिंगला पास होतो आणि ग्राहकाकडे काही महिन्यांनी शॉर्ट होतो.

आधी लॉग उघडला. दोन प्रकारचे एरर वेगळे काढले. व्हॅक्यूम बनलाच नाही, म्हणजे तुकडा उचललाच गेला नाही. किंवा उचलला, पण कॅमेऱ्याने नाकारला, म्हणजे तो नोझलवर आडवा किंवा उभा लागलाय. इथे दोन्ही प्रकार जवळजवळ सारखे होते. एकट्या नोझलमध्ये कचरा असता तर एरर त्याच नोझलच्या नावावर साचले असते. इथे ते सगळ्या नोझलवर वाटलेले आणि फीडर मात्र एकच.

मग अदलाबदल. यात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडला की दिवस गेला. तीच रील त्याच जागी दुसऱ्या फीडरवर चढवली: एरर तसेच. मूळ फीडरवर त्याच साइजच्या रेझिस्टरची नवी रील लावली, तीही कागदी टेपची आणि 2 मिलिमीटर पिचची (दोन खाचांमधलं अंतर): एकही एरर नाही. म्हणजे दोष रीलच्या मागे जात होता. फीडर दुरुस्तीला पाठवायची गरज नव्हती.

रीलमधून दहा सेंटिमीटर टेप कापली, वरची पारदर्शक पट्टी हाताने सोलली आणि टेप पांढऱ्या कागदावर उलटी धरून टिचकी मारली. चांगल्या टेपमधून सगळे तुकडे पडतात. इथे निम्म्याहून जास्त खाचांतच अडकून राहिले. मायक्रोस्कोपखाली खाचेच्या कडा फुगलेल्या दिसल्या, कागदाचे तंतू सुटलेले होते. ही रील पिशवी फोडून शटरजवळच्या उघड्या रॅकवर ठेवलेली होती आणि तिथलं आर्द्रतामापक 84 टक्के दाखवत होतं. कागद ओल धरतो, खाच आवळते, तुकडा एका बाजूने सुटतो आणि दुसऱ्या बाजूने अडकतो. आडवे-उभे पिक यातूनच येतात.

एसी स्टोअरमधली त्याच लॉटची बंद रील लावताच आकडे मूळपदावर आले. ती नसती तर पिकअपचा वेग 60 टक्क्यांवर आणून नोझलची खाली थांबण्याची वेळ 20-30 मिलिसेकंदांनी वाढवली असती, त्यावर शिफ्ट निघते. ओली रील 25 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवून दिली. टिचकीच्या परीक्षेत पास झाल्यावर तीही वापरली. आयसीसाठी (चिपसाठी) असलेल्या 5 टक्क्यांच्या ड्राय कॅबिनेटमध्ये मात्र कागदी टेप ठेवू नये. अति कोरड्या टेपवरून पट्टी सोलताना स्थिर वीज तयार होते आणि तुकडे पट्टीला चिकटून वर उडतात. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हेच दिसतं.

सुटलेले तंतू नोझलच्या फिल्टरमध्ये शिरलेले होते, म्हणून फिल्टर बदलले. नोझल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिकने धुतले. फीडरचं तोंड व्हॅक्यूमने साफ केलं. तिथे कॉम्प्रेसरची हवा मारली की सुटे तुकडे शेजारच्या फीडरमध्ये जातात आणि रेझिस्टरच्या जागी कपॅसिटर बसतो.

नवं मशीन घेताना मी हीच तपासणी डोळ्यांसमोर ठेवतो. कॅटलॉगमधला ताशी वेग आदर्श बोर्डावरचा असतो. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंतच धरावा. डेमोला आपली रील, आपला बोर्ड न्यावा. प्रत्येक हेडला (नोझल धरणाऱ्या भागाला) स्वतंत्र व्हॅक्यूम सेन्सर आहे का आणि फीडरनुसार, नोझलनुसार एररचा लॉग फाइलमध्ये काढता येतो का, हे तिथेच करून दाखवायला सांगावं. फीडरचे भावही त्याच वेळी लिहून घ्यावेत. 60 फीडर लागणार असतील तर त्यांची बेरीज कधी कधी मशीनच्या किमतीजवळ जाते. स्वस्त मशीनचा लॉग फक्त ‘पिकअप एरर’ एवढंच सांगत असेल, तर वरची तपासणी प्रत्येक वेळी हाताने करावी लागते.