टोमॅटोचे पान पिवळे पडते तेव्हा

मुंबईत खिडकीच्या ग्रिलमध्ये किंवा सोसायटीच्या गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानी येते: रोप जोमाने वाढत असताना पाने पिवळी पडतात, मग तपकिरी होऊन गळतात. अशा वेळी हाताशी असेल ते खत घालण्याची घाई होते. माझे आग्रहाचे सांगणे असे, की त्याआधी पिवळेपणा खालच्या पानांवर सुरू झाला की शेंड्याकडे, एवढे नीट पाहावे.

नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडले, की रोप ती जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला पुरवते. म्हणून पिवळेपणा खालून वर चढतो. नत्राच्या अभावी सबंध पान फिकट होते, तर मॅग्नेशियमच्या अभावी शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. लोह मात्र असे हलत नाही, त्यामुळे त्याची उणीव शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते. अगदी तळाची, सावलीत गेलेली एकदोन पाने पिवळी पडली तर ती खुडून टाकावीत. त्यात काळजीचे काही नाही.

आपल्याकडे खरा घोळ बहुतेक वेळा पाण्याचा असतो. ऊन मोजके तास, हवा दमट आणि कुंडीतली माती चिकट असली, की मुळांना हवा मिळत नाही. मग मातीत अन्न असूनही ते वर चढत नाही आणि पाने पिवळी पडून मान टाकतात. ते पाहून रोप तहानले असे वाटते आणि आणखी पाणी घातले जाते. बोट दोन पेरे मातीत खुपसून ओल लागली, तर त्या दिवशी पाणी देऊच नये. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणीही ओतून टाकावे, कारण त्यात डासही वाढतात.

तपकिरी डाग हे प्रकरण निराळे आहे. खालच्या पानावरचा डाग उजेडात धरून पाहिल्यास त्यात एकात एक वर्तुळे आणि भोवती पिवळी कडा दिसली, तर तो बहुधा करपा असतो. ही बुरशी पावसाच्या किंवा झारीच्या पाण्याने उडालेल्या मातीच्या शिंतोड्यांबरोबर पानांवर चढते आणि पान बराच वेळ ओले राहिले की फोफावते. म्हणून पाणी सकाळी, थेट बुंध्याशी द्यावे, मातीवर वाळलेल्या पानांचे आच्छादन घालावे आणि डागाळलेली पाने कंपोस्टमध्ये न टाकता कचऱ्यात द्यावीत. मुंबईच्या पावसाळ्यात करपा टाळणे फार कठीण असते. त्यापेक्षा सप्टेंबरमध्ये बी पेरून पाऊस ओसरल्यावर रोपे कुंडीत लावणे मला शहाणपणाचे वाटते.

उन्हाळ्यात पानावर बारीक पिवळसर ठिपके आणि मागे तलम जाळी दिसली, तर ते लाल कोळी या अगदी बारीक किडीचे काम. पानांची मागची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावी. रोपाची एकच बाजू पिवळी पडून कोमेजत असेल आणि खोड उभे कापल्यावर आत तपकिरी रेघ दिसली, तर मात्र तो मर रोग समजावा. त्यावर औषध नाही. रोप उपटून टाकावे आणि त्या मातीत पुन्हा टोमॅटो लावू नयेत, कारण मर रोगाची बुरशी मातीत अनेक वर्षे टिकते.